आठव्या महिन्याआधी

…पुन्हा डावीकडं सरकलं. तळहाताच्या मधोमध ठेवलेलं ते काळं, गुळगुळीत, जांभळाएवढं लिंग आधी नुसतं हललं, मग बोटांच्या मुळाकडं जरासं घरंगळलं, आणि उमाबाईंनी उजव्या हातानं ते जागेवर आणून ठेवलं. समज आल्यापासून त्यांची सकाळ अशीच सुरू होत आली होती — आंघोळ, कपाळाला विभूती, मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं टक लावून बघत बसायचं. लिंगायताला देवळात जायची गरज नसते, देव गळ्यातच असतो, तो कुठं जाणार, असं त्यांचे वडील म्हणत. पण गेल्या दोन वर्षांत तो देवच हलायला लागला होता. हलतो तो हात, देव नाही, हे उमाबाईंना कळत होतं. पण बघणाऱ्या डोळ्याला हे कसं समजवायचं? सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं होतं, मेंदूतल्या काही पेशी वाळत चालल्यात म्हणाले होते… वाळत चालल्यात, उन्हातल्या कुरडयांसारख्या, आणि गोळ्या म्हणजे नुसती सावली धरणं. उमाबाईंना देवाशी भांडायची सवय नव्हती. ती त्यांनी नवऱ्यापुरती राखून ठेवलेली होती, आणि बंडप्पा वारले, लिंगैक्य झाले, तेव्हापासून ती तशीच वापरावाचून पडली होती.

आजचा दिवस तेवढा स्थिर राहा, त्या मनात म्हणाल्या. आज मला एक ठरवायचंय.

ठरवायचं ते त्यांच्या पदरात शिवलीलानं टाकलं होतं, आणि तेही भाकरी थापताना, मीठ संपलंय हे सांगावं तशा आवाजात. सून अशी की मोठी गोष्ट असेल तेवढा आवाज बारीक. मागच्या सोमवारी तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली होती, "आत्या, सोलापुरात आपले ते तीन हायती न्हवं अजून… त्यांची दहा वर्षांची मुदत सरत आली. दवाखान्यातल्या अर्पिता मॅडमचा फोन आला होता."

आपले ते तीन. घरात त्यांना दुसरं नाव नव्हतं. लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नाही तेव्हा गौरीशंकर आणि शिवलीला सोलापूरच्या दवाखान्यात जाऊ लागले. गावात, जळकोटात, कुणाला पत्ता लागू नये म्हणून ‘दुकानाच्या मालाच्या खरेदीला’ जायचे, आणि खरंच पोतंभर साखर घेऊन यायचे. तिथं काचेच्या बशीत पाच गर्भ तयार झाले. दोन शिवलीलाच्या पोटात सोडले, त्यातला एक टिकला, ती ईश्वरी, आता चौथीत आहे आणि अज्जीच्या हातातला चहा सांडला की फडकं घेऊन धावत येते. उरलेले तीन गोठवून ठेवले. पण ईश्वरीच्या वेळी रक्त थांबेना म्हणून शिवलीलाची पिशवीच काढावी लागली, त्यामुळं ते तीन कुठं रुजायचे हा प्रश्नच उरला नाही. आता कायद्यानं मुदत संपली की एक तर ते तसेच मरू द्यायचे, नाहीतर संशोधनाला द्यायचे. सरकारच्या पैशावर चालणारी दूरची एक संस्था आहे, अर्पिता मॅडम म्हणाल्या होत्या, तिथं अशा गर्भाच्या आतल्या पेशी काढून वाढवतात. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, म्हणतात त्यांना, त्यांचं काहीही होऊ शकतं, काळीज, कातडी, मेंदू. त्या पेशी काढल्या की गर्भ राहत नाही. आणि त्या संस्थेत सध्या काम चाललंय ते कंपवातावर.

"तुमी न्हाय म्हणलात तर न्हाय देणार," शिवलीला म्हणाली होती. "उद्यापरवा न्हाय, सावकाश सांगा." पण सावकाश म्हणता म्हणता आठवडा सरला. उद्या सकाळी दोघं सही करायला सोलापूरला निघणार, काय करायचं ते अजून ठरायचंय, आणि आज पुन्हा सोमवार.

लिंग डबीत ठेवून, डबी गळ्यात घालून उमाबाई उठल्या. सकाळची गोळी घेतली. गोळीनंतरचे दोन-अडीच तास बरे जातात, हात आपला असल्यासारखा वागतो. त्या वेळात त्या शेंगा कुटून चटणी करून घेत, कारण चटणी कुटणं हे त्यांना अजून कुणावर सोपवायचं नव्हतं. कुटता कुटता आज त्यांना स्वतःची लाजच वाटली. हा हात बरा व्हावा असं मला वाटतंय. मनापासून वाटतंय… कप धरावा आणि तो तोंडाशी पोचेपर्यंत भरलेला राहावा, ईश्वरीची वेणी घालताना पोरीनं ‘अज्जी, राहू दे’ म्हणू नये. मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे औषध यायला कैक वर्षं लागतील, तुमच्या हयातीत धरून चालू नका. तरी आशा म्हणजे उंबऱ्यावरचं मांजर, हाकललं तरी पाय मोडून बसतंच. मागल्या वर्षी गौरीशंकरनं हैदराबादच्या कुठल्याशा खाजगी दवाखान्याची जाहिरात आणली होती, मूळ पेशींची सुई देतो, महिन्यात हात थांबवतो, असं छापलेलं. तो निघालाच होता; डॉक्टरांनी हातातला कागद घेऊन सरळ टोपलीत टाकला, हे औषध नाही, हा धंदा आहे, म्हणाले. म्हणजे जे विकतात त्यांच्याकडं नाही, आणि ज्यांच्याकडं पुढंमागं होईल ते आज काही देत नाहीत, उलट मागतात. नातवंडं घालून हात मागायचा, उमा? त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि मुसळ जरा जोरात आपटलं गेलं.

दुपारी त्या नेहमीसारख्या दुकानाच्या आतल्या दारात तूर निवडत बसल्या. दुकान पुढं, घर मागं, मधे हे दार. इथं बसलं की गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि ऐकू मात्र सगळं येतं, हे उमाबाईंनी लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यातच शोधून काढलं होतं. गल्ल्याशेजारच्या बाकावर निवृत्त व्यंकट गुरुजी पेपर वाचत होते. गुरुजींना पेपर विकत घ्यायची सवय नव्हती, वाचून दाखवायची होती. त्यांनी नेमकी तीच बातमी काढली, जणू कुणी त्यांना पढवून पाठवलं होतं.

"गौरीशंकर, हे बघा. गर्भातल्या पेशीवरच्या संशोधनाला सरकारनं पैसा द्यावा का न्हाय, यावर वाद चाललाय. आता मला सांगा, खेड्यात साप चावलेल्या माणसाला गाडी मिळत न्हाय, आन् ह्यांना बशीतली लेकरं चिरायला पैसा. बरं, ज्याला हे पाप वाटतं त्याचाबी कर त्यात जातोच की. त्याला कुणी इचारलं?"

तुरीवरचा उमाबाईंचा हात थांबला. गौरीशंकर साखर तोलत होता. 

"गुरुजी, सरकारनं न्हाय दिला तर कंपनी देणार," तो म्हणाला. "मग औषध कंपनीचं. ते तुमाला-मला परवडंल व्हय? सरकारी म्हणलं की कायदा हाय, समिती हाय. लेकरू विकता येत न्हाय, घेता येत न्हाय. आन् आई-बापाला इचारतेत. न्हाय म्हणलं तर न्हाय."

"तुमाला बरीच माहिती हाय की."

"पेपर मीबी वाचतो," गौरीशंकर म्हणाला आणि त्यानं एकदा आतल्या दाराकडं बघितलं. आई तिथं असते हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

गुरुजी गेले तरी त्यांचं वाक्य बाकावरच बसून राहिलं. बशीतली लेकरं. तसं बघितलं तर गुरुजींचं काय चुकलं? आणि तसं बघितलं तर गौरीशंकरचं तरी काय चुकलं? बंडप्पा असते तर म्हणाले असते, बियाणं दळू नये. पेरायची ज्वारी त्यांनी कधी जात्यावर जाऊ दिली नाही, दुष्काळात पावणे उपाशी उठले तरी. पण जे पेरायचंच नाही ते बियाणं, मालक, कणगीत किती दिवस ठेवायचं? किडून जाऊ द्यायचं का? उमाबाई मनात नवऱ्याला म्हणाल्या.

मग महालिंगप्पा आले. गावचे जंगम, लग्न लावणारे, समाधीचा विधी करणारे, सोमवारी घरोघरी भिक्षेला येणारे. भगवी शाल, खांद्याला झोळी, आणि अलीकडं खाली उभी केलेली मुलाची मोटारसायकल. "शरणार्थ, अव्वा," त्यांनी ओट्यावरून हाक दिली. उमाबाई सुपात पीठ घेऊन गेल्या. दुपारच्या गोळीचा अंमल उतरत आला होता, सूप थरथरलं, थोडं पीठ ओट्यावर सांडलं. महालिंगप्पांनी न बघितल्यासारखं करून झोळी पुढं धरली. भला माणूस. याला विचारावं. दुसऱ्या कुणाला विचारणार?

"अय्या, एक इचारू का? लिंग बांधायच्या आदी जे जातं… ते कोण असतं?"

महालिंगप्पांनी झोळीची गाठ मारली. आठवा महिना लागला की ते घरी येतात आणि पोटातल्या लेकराच्या नावाचं लिंग आईच्या अंगावर बांधतात. जन्मायच्या आधीच ते लेकरू शिवाचं होऊन जातं. ईश्वरीचं त्यांनीच बांधलं होतं.

"आठव्यात लिंग बांधलं की ते शरण झालं," ते म्हणाले. "मग गेलं तर बसवून समाधी, विभूती, बेल, सगळं. त्याच्या आदी इधी न्हाय, अव्वा."

"इधी न्हाय ते ठावं हाय मला. कोण असतं ते इचारलं म्या."

"ते मला कुणी शिकवलं न्हाय," महालिंगप्पा म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की उमाबाईंना त्यांच्यावर रागवताही आलं नाही.

आता खरं तर वाट मोकळी झाली होती. विधी नाही म्हणजे कुणी नाही. आठव्याच्या आधी कुणी नाही, तर नुसते पाच दिवस वाढवून गोठवलेले ते तीन कोण लागून गेले? डोळ्याला न दिसणारे ठिपके. द्यावेत, मोकळं व्हावं, पुढं कुणाच्या तरी अज्जीचा हात थांबेल. एवढं सोपं होतं. एवढं सोपं होतं म्हणूनच उमाबाई ओट्यावर पीठ गोळा करता करता तिथंच बसल्या… कारण हेच, अगदी हेच, त्यांना एकदा सांगून झालेलं होतं.

त्या वेळी गौरीशंकर नव्हता. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि पाचवा महिना होता. हातपाय हलवतंय असं नुकतंच जाणवायला लागलं होतं, म्हणजे आतून कुणी बोट लावावं तसं, आणि ते त्यांनी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं, बंडप्पालाही नाही. थोडे दिवस आपलं एकटीचं असू दे, म्हणून. मग एका सकाळी कमरेतून कळ आली आणि दुपारच्या आत सगळं आटपलं. सखूबाई सुईण होती. तिची पाठ दिसत होती, एक कोपर दिसत होतं, कोपराला चिकटलेला राखेचा पट्टा दिसत होता… हे मला अजून दिसतं, आणि जे दिसायला पाहिजे होतं ते एवढंसंही दिसलं नाही. मान उचलली तर सखूबाई म्हणाली, बघू नगंस, बाई, दुसरं यील. सासूबाई दारातून म्हणाल्या, आठव्याच्या आत गेलं, लिंग न्हाय, समाधी न्हाय, बरं झालं, फार गुंतली न्हाय. बरं झालं. बंडप्पा ते धडप्यात गुंडाळून शेताकडं घेऊन गेले आणि संध्याकाळी हातपाय धुऊन जेवायला बसले. कुठं ठेवलं ते त्यांनी सांगितलं नाही, उमाबाईंनी विचारलं नाही. पुढं गौरीशंकर झाला, पेढे वाटले, आणि दुसरं येईल म्हणाली होती ती सखूबाई खरी ठरली. खरं बोलणाऱ्या माणसावर काय रागवायचं?

आणि आता मी म्हणायचं की आठव्याच्या आधी कुणी नसतं. माझ्या तोंडानं. म्हणजे सासूबाई जे दारातून म्हणाल्या ते मी ओट्यावरून म्हणायचं, एवढाच फरक. ते तीन कुणी नाहीत म्हटलं की ते पाचव्यातलंही कुणी नव्हतं. आणि ते कुणीतरी होतं म्हणावं — होतंच, मला बोट लावलं होतं त्यानं — तर मग हे तीनही कुणीतरी आहेत, आणि आपल्या हातासाठी त्यांना चिरायला देणारी मी कोण? इकडून धरलं तर हे सुटतं, तिकडून धरलं तर ते. उमाबाईंना रडू आलं नाही. रडायचं ते कधीचं, तेव्हाच, राहून गेलं होतं, आणि शिळं रडू असं मागितल्याबरोबर येत नाही. 

ऊन कललं तशी शिवलीला गच्चीवर कुरडया गोळा करायला गेली. उमाबाई जिन्याचा कठडा धरून मागोमाग चढल्या. खाली हमरस्त्यावरून हैदराबादकडचे ट्रक जात होते, शेजारच्या अंगणात ईश्वरी कुणाशी तरी तावातावानं भांडत होती, जिंकत असावी. सासूला वर आलेली बघून शिवलीलानं पोतं झटकून बसायला दिलं. काही विचारलं मात्र नाही. ही विचारणार नाही, उमाबाईंच्या मनात आलं. हिनं एकदा विचारलं आणि आता ही वाट बघणार. या घरात मला कुठल्या गोष्टीत कुणी विचारलं होतं? लग्नात नाही, शेत विकताना नाही, त्या दिवशी तर नाहीच. त्या दिवशी माझ्याच अंगातून काढून माझ्याच डोळ्यांआडून नेलं. आणि ही परक्याची पोर, जिच्या पोटचे ते तीन, ती मला म्हणते, तुमी न्हाय म्हणलात तर न्हाय. गौरीशंकर दुपारी गुरुजींना सांगत होता, विचारतेत म्हणून. दुपारी ते नुसतं वादातलं वाक्य वाटलं होतं.

"शिवलीला," त्या म्हणाल्या, "मला पाचव्यात एक गेलं होतं. गौरीच्या आदी."

शिवलीलाच्या हातात कुरडयांनी भरलेलं सूप होतं. तिनं ते खाली ठेवलं. तिचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता.

"मुलगा का मुलगी?"

 इतक्या वर्षांत हे उमाबाईंना कुणीही विचारलं नव्हतं. आईनं नाही, बंडप्पानं नाही. आणि नवल म्हणजे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. मनात ते होतं ते नुसतं ‘ते’ होतं.

"ठावं न्हाय," त्या म्हणाल्या. "बघू दिलं न्हाय मला."

 शिवलीला जवळ येऊन पोत्यावर बसली, खांद्याला खांदा लावून, आणि दोघी समोरच्या रिकाम्या रानाकडं बघत राहिल्या, जिथली ज्वारी काढून झाली होती. उमाबाई रडल्या, आवाज न करता, नाक पदराला पुसत. थोडं रडणं झाल्यावर त्यांना वाटलं संपलं, पण ते संपलं नव्हतं.

"म्या बघितलंय आपल्या तिघांना," मग शिवलीला म्हणाली. "डॉक्टरनी टीव्हीवर दाखवले होते सगळे, पाचीच्या पाची. गोल गोल. आत दाणे असल्यासारखे. एक जरा वाकडा होता… तो तिघातला. कधीमधी मला त्याचीच आठवण येती. ह्यांना सांगितलं न्हाय कधी."

म्हणजे हिलाही कुणी विचारलं नव्हतं. आठवडाभर आपण या प्रश्नाशी एकट्या झटतोय असं उमाबाई धरून चालल्या होत्या, हात आपला, नातवंडं आपली, पाप लागलं तर आपल्याला; आणि इथं दहा वर्षं एक बाई कुरडया घालत, दुकानाचा हिशेब बघत, एका वाकड्या ठिपक्याला आठवत होती. त्यांना सुनेची दया आली, आणि दयेच्या मागोमाग थोडा हेवाही वाटला, कारण हिच्याकडं आठवायला निदान वाकडेपणा तरी होता.

"ती संस्थेतली माणसं," उमाबाईंनी विचारलं, "ती काय करतेत? म्हंजे पेशी काढायच्या आदी."

"बघतेत. दुर्बिणीखाली ठेवून. लई वेळ बघावं लागतं म्हणं, एकेकाला."

कुणीतरी नीट बघेल. पाठ न करता, कोपर आड न आणता, दिव्याखाली धरून, एकेकाला. हा विचार उमाबाईंना इतका अनपेक्षित आला की त्या दचकल्याच. त्यात समाधान होतं का? बघून झाल्यावर जे करायचं ते ती माणसं करणारच होती, आणि ते आठवलं की अंगावर काटा येत होता. पण कुणी नव्हतं म्हणून टाकून देणं वेगळं, आणि कुणीतरी आहे म्हणून देणं वेगळं, एवढं आता त्यांना दिसत होतं. त्या दुसऱ्या देण्याची ताकद आपल्यात आहे की नाही, हे मात्र दिसत नव्हतं. तसं देणं फार जड होतं.

"सांगू का मग उद्या… काय सांगू त्यांना?" शिवलीलानं शेवटी विचारलंच.

"उद्या म्या बी येते."

"सोलापूरला? आत्या, गाडीत तुमाला तरास…"

"मला त्यांना बघायचंय. त्या तिघांना. दाखवतेत का इचार."

"गोठवलेले असतेत. नळीत. न्हाय दिसत काही, आत्या."

"मग नळी बघते," उमाबाई म्हणाल्या.

शिवलीलानं फोन काढला, अर्पिता मॅडमचा नंबर लावला आणि कठड्यापाशी जाऊन हळू आवाजात बोलू लागली. पलीकडून बहुधा कुणाला तरी विचारून सांगते म्हणाल्या, कारण ती फोन कानाला लावून नुसती उभी राहिली. उमाबाई वाट बघत होत्या. दाखवतील किंवा नाही म्हणतील. द्यायचे म्हणेन किंवा नाही म्हणेन. पण बघितल्याशिवाय आता त्या काहीच म्हणणार नव्हत्या, आणि मला दाखवा, एवढे दोन शब्द कुणाच्या तरी तोंडासमोर म्हणता येतात, त्यानं आभाळ कोसळत नाही, हे त्यांना आज कळत होतं. ते तेव्हाही म्हणता आले असते का, सखूबाईची पाठ धरून ओढता आली असती का, हा विचार आला तशी त्यांना भीती वाटली, कारण तो विचार आता जाणार नव्हता.

"आत्या," शिवलीला फोनवर हात ठेवून म्हणाली, "त्या इचारतेत, तुमी कोण?"